डीई किती आणि बिल किती?

रंग मोजायचं यंत्र विकायला येणारा माणूस कोटेशनमध्ये तीन ओळी लिहितो: यंत्र, सॉफ्टवेअर, जीएसटी. चौथी ओळ तो लिहीत नाही, कारण ती त्याला विकायची नसते. त्या सॉफ्टवेअरमध्ये शेडच्या फायली लावायच्या कशा, कोणाच्या मेनूत काय ठेवायचं, जुन्या नोंदी नव्या संगणकावर आणायच्या कोणी आणि किती दिवसांत, हा खर्च तुमच्या अंगावर. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतला पिगमेंटचा लहान कारखाना असो, प्लास्टिकसाठी मास्टरबॅच करणारा असो, की पेणजवळच्या हमरापूर-जोह्यातला गणपतींचा कारखाना. घोडं पेंड खातं ते इथेच.

खाली दिलेल्या किमती अंदाजपत्रक धरण्यापुरत्या आहेत. बहुतेक यंत्रं आयात होतात, त्यामुळे डॉलर-युरो हलला की भाव हलतो, आणि एकाच यंत्राचे दोन विक्रेते दोन भाव सांगतात. निदान दोन लेखी कोटेशनं घ्या आणि त्यात पुढे सांगितलेल्या बाबी वेगवेगळ्या लिहून मागा. ‘सगळं त्यातच आलं साहेब’ हे वाक्य बिलावर छापून येत नाही.

कोणाला किती लागतं

सर्वांत खालची पायरी म्हणजे शेडकार्ड. आरएएलचा के-७ पंखा अडीच-तीन हजारांच्या आसपास मिळतो. सरकारी कामाच्या निविदेत बहुधा आयएस ५ चे क्रमांक असतात, म्हणजे सिग्नल रेड ५३७, गोल्डन यलो ३५६ असे. ते काम करणाऱ्याकडे ते कार्ड हवंच. पॅन्टोनची पुस्तिका यांच्या कितीतरी पट महाग, आणि वापरातली पुस्तिका बारा ते अठरा महिन्यांत बदला असं खुद्द पॅन्टोनच सांगते. छपाईवाला ग्राहक मागत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

त्याच्या वर मोबाइलला जोडायचे मुठीएवढे रीडर येतात. दहा ते पंचवीस हजार धरा. मग हातात धरायचे कलरीमीटर: चिनी बनावटीचे चाळीस हजार ते लाख. त्यानंतर स्पेक्ट्रोफोटोमीटर, ज्याला सगळे नुसतं ‘स्पेक्ट्रो’ म्हणतात. हातातला चिनी दीड-दोन लाखांपासून, जपानी, अमेरिकी किंवा जर्मन चार लाखांच्या पुढे, आणि टेबलावर बसणारा आठ-दहा लाखांपासून वीस लाख व त्यापुढेही.

कलरीमीटर आणि स्पेक्ट्रो यांतला फरक विक्रेता घाईघाईत उरकतो, म्हणून सांगतो. कलरीमीटर एका ठरलेल्या प्रकाशाखालचे तीन आकडे देतो. स्पेक्ट्रो ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत दर दहा नॅनोमीटरला किती प्रकाश परतला ते मोजतो, म्हणजे एका रीडिंगचे ३१ आकडे. दिवसाच्या उजेडात जुळणारे दोन रंग दुकानाच्या ट्यूबखाली वेगळे दिसणार आहेत की नाहीत, ते या ३१ आकड्यांतूनच कळतं. पिगमेंट करणाऱ्याला आणि मास्टरबॅचवाल्याला हे लागतंच. गणपतीच्या कारखान्याला बहुतेक लागत नाही.

सॉफ्टवेअरचं असं: स्वस्त यंत्राबरोबर साधं सॉफ्टवेअर फुकट येतं, महाग यंत्राबरोबरचं वेगळं विकतात. तपासणीच्या सॉफ्टवेअरला एका संगणकाच्या परवान्यामागे लाख ते तीन लाख धरून ठेवा. रंगाचं सूत्र काढून देणारा भाग, ज्याला मॅचिंग म्हणतात, तो आणखी वेगळा. पहिल्या वर्षी तो घेऊ नका. तो चालतो तुमच्या कच्च्या मालाच्या नमुन्यांवर, आणि ते नमुने नीट करून, मोजून, नावं देऊन ठेवायला काही महिने जातात. तोवर लाखभर रुपयांचं बटण धूळ खात पडतं. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. नियमित नोंदणी असेल तर तो वजावटीत परत मिळतो. कंपोझिशनमध्ये असाल तर तो खर्चच समजा.

जॉब म्हणजे काय, आणि किती असावेत

या सॉफ्टवेअरांत कामाच्या फाइलला नावं निरनिराळी आहेत. एक्स-राइटच्या ‘कलर आयक्यूसी’त आणि हंटरलॅबच्या ‘इझीमॅच क्यूसी’त तिला जॉब म्हणतात. कोनिका मिनोल्टाच्या ‘स्पेक्ट्रामॅजिक एनएक्स’मध्ये दस्तऐवज आणि त्याचा टेम्पलेट असतो, डेटाकलरकडे डेटाबेसमधली फोल्डरं. आतला माल तोच: स्टँडर्ड, त्याच्याशी ताडून पाहिलेल्या बॅचा, कोणत्या प्रकाशाखाली आणि कोणत्या सूत्राने फरक काढायचा ती मांडणी, पास-फेलची मर्यादा, आणि पडद्यावर काय दिसावं त्याचा आराखडा.

मांडणी फाइलबरोबरच जाते, हे नीट लक्षात घ्या. डी ६५ प्रकाश, दहा अंशांचा निरीक्षक आणि सीएमसी सूत्र लावलेला जॉब कोणी दुसऱ्या शेडसाठी कॉपी केला की हे सारं गुपचूप त्याच्याबरोबर जातं. नव्या ग्राहकाला २००० सालचं सीआयई सूत्र हवं असलं, तर तुमचा ‘पास’ त्याच्याकडे ‘फेल’ होऊ शकतो आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून पहिलं काम, कोरे टेम्पलेट करून ठेवणं. एका कारखान्याला बहुधा तीन-चार पुरतात. खर्च शून्य, वेळ एक दुपार. विक्रेत्याचा इंजिनिअर यंत्र बसवायला येतो त्याच दिवशी त्याच्याकडून हे करून घ्या. नंतर बोलावलंत तर ती वेगळी व्हिजिट.

जॉब ग्राहकाच्या नावाने करायचे की मालाच्या, यावर लॅबमध्ये वाद होतात. माझं मत: पिगमेंटवाल्याने मालाच्या आणि चाचणीच्या माध्यमाच्या नावाने करावेत, मास्टरबॅचवाल्याने ग्राहकाच्या. पिगमेंट एकच असतं आणि घेणारे अनेक. शिवाय त्याला दोन रीडिंगं लागतात, एक पूर्ण रंगाचं (मास टोन) आणि एक पांढऱ्यात मिसळून फिकं केलेलं (रिडक्शन), ज्यावरून स्ट्रेंथ काढतात. आयएसओ ७८७ मालिकेचे २४ आणि २५ हे भाग याच चाचण्यांचे. ही दोन रीडिंगं एकाच जॉबमध्ये एकाखाली एक ठेवली तर सॉफ्टवेअर फिक्या पॅनेलची तुलना गडद स्टँडर्डशी करतं, डीई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) पंचवीस दाखवतं, आणि ऑपरेटर यंत्र बिघडलं म्हणून फोन लावतो. त्या फोनवर येणाऱ्या इंजिनिअरचं भाडं तुम्हीच भरता. मास टोनला एक जॉब, रिडक्शनला दुसरा. नावात शेवटी ‘एमटी’ आणि ‘आरडी’.

जॉबमध्ये बॅचा साचत जातात, तो उघडायला वेळ लागू लागतो. दर १ एप्रिलला नवा जॉब काढून फक्त स्टँडर्ड पुढे न्या, जुना कुलूपबंद करा. हिशेबाच्या वह्या तशाच तर बदलतात.

नावांचा गोंधळ कोलनपासून सुरू होतो

रोह्यात हा गोंधळ ज्याने पाहिलाय त्याला पटेल. पिगमेंटची आंतरराष्ट्रीय नावं कोलन घालून लिहितात: पिगमेंट ब्लू १५:३, पिगमेंट रेड ५७:१, रेड ४८:२. विंडोज फाइलच्या नावात कोलन घेत नाही. तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, तारा हेही घेत नाही. मग सकाळच्या पाळीचा माणूस १५-३ लिहितो, दुपारचा १५.३, रात्रपाळीचा नुसतं १५३. एका पिगमेंटचे तीन जॉब, तिघांत तीन स्टँडर्ड, आणि ग्राहकाची तक्रार आली की कोणत्याशी ताडायचं तेच कळत नाही. भिंतीवर एक कागद लावा: कोलनच्या जागी आडवी रेघ, दुसरं काही नाही.

तारीख २०२५-०८-१४ अशी, वर्ष आधी. मग फायली आपोआप क्रमाने लागतात. ‘ऑगस्ट १४’ असं लिहिलं तर रांग अक्षरांवरून लागते आणि ऑगस्ट जानेवारीच्या वर जाऊन बसतो. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘साहेबांनी ओके केलेला’ या नावांवर बंदी घाला. साहेब बदलतात.

कंपन्याही बदलतात. रोह्यातला क्लॅरियंटचा पिगमेंट कारखाना त्या कंपनीच्या जागतिक पिगमेंट व्यवसायाबरोबर जानेवारी २०२२ मध्ये ह्यूबाखकडे गेला. मार्च २०२५ मध्ये ह्यूबाखचा व्यवसाय पुण्याच्या सुदर्शन केमिकलने घेतला, आणि सुदर्शनचा स्वतःचा मोठा कारखाना रोह्यातच आहे. सव्वातीन वर्षांच्या आत पाटी दोनदा बदलली; शाई किंवा रंग करणाऱ्या ग्राहकाला मात्र ड्रम उघडल्यावर तीच शेड हवी असते. म्हणून लहान कारखानदारानेही फाइलच्या नावात कंपनीचं किंवा ग्राहकाचं पूर्ण नाव घालू नये. मालाचा न बदलणारा कोड घालावा, आणि कोड कोणाचा हे एका वेगळ्या तक्त्यात ठेवावं. शेडची फाइल पेन ड्राइव्हवर बाहेर गेली तरी ग्राहकाचं नाव बाहेर जात नाही, हा वरचा फायदा.

मेनूत किती बटणं

एक हिशेब पाहा. स्टँडर्डचे आकडे असे: एल (उजळपणा) ५२.१०, ए (हिरवा-लाल) ४१.३०, बी (निळा-पिवळा) २३.६०. बॅच आली एल ५१.६०, ए ४१.९०, बी २४.४०. फरक वजा ०.५, अधिक ०.६, अधिक ०.८. वर्ग करून बेरीज १.२५, तिचं वर्गमूळ १.१२. हे १९७६ च्या सूत्रानुसार डीई. बॅच थोडी गडद, थोडी लाल, थोडी पिवळी. मर्यादा १.० असेल तर फेल.

आता रात्रपाळीच्या माणसापुढे दोन बटणं आहेत: एक मर्यादा बदलायचं, एक चालू बॅचलाच स्टँडर्ड करायचं. गाडी दारात उभी आहे. तो वाईट माणूस नाही, पण बटण समोर आहे. दुसरं बटण जास्त घातक, कारण त्याचा माग राहत नाही. समजा प्रत्येक नवी बॅच आधीच्या पास झालेल्या बॅचशी ताडली आणि प्रत्येक वेळी फक्त ०.६ चा फरक, तोही एकाच दिशेने, आला. पाचव्या बॅचला मूळ स्टँडर्डपासून फरक ३.० झालेला असतो, आणि पडद्यावर पाचही वेळा हिरवं ‘पास’. परत आलेल्या मालाची किंमत तुमची तुम्ही लावा: पुन्हा मिसळणं, वाहतूक, आणि पुढची ऑर्डर.

ऑपरेटरच्या मेनूत पाच गोष्टी पुरतात. कॅलिब्रेट, जॉब उघडा, बॅच मोजा, छापा, बंद करा. पुसणं, स्टँडर्ड बदलणं, मर्यादा, प्रकाश, सूत्र हे सारं क्यूसी प्रमुखाच्या पासवर्डमागे. पासवर्ड मॉनिटरला चिकटवायचा नाही, हे लिहावं लागतं म्हणून लिहितो.

याला पैसे पडतात का? इथे सॉफ्टवेअरचा दर्जा विचारून घ्यावा लागतो. वापरणाऱ्यागणिक हक्क ठरवायची सोय काहींच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत नसते. वरच्या आवृत्तीसाठी फरक भरावा लागतो. तो फरक भरण्यासारखा आहे, मॅचिंगच्या भागाच्या कितीतरी आधी. पण अमेरिकी औषध-अन्न प्रशासनाच्या भाग ११ च्या नियमांत बसणारी, प्रत्येक बदलाची सही ठेवणारी आवृत्ती मात्र औषधांच्या किंवा खाद्यरंगांच्या ग्राहकाने लेखी मागितली तरच घ्या. विक्रेते ती ‘भविष्यासाठी’ म्हणून सुचवतात.

मराठी बटणांची गोष्ट राहिली. बऱ्याच सॉफ्टवेअरांत बटणावरचं नाव बदलता येतं. ‘बॅच मोजा’ असं लिहिलेलं बटण दाबताना माणूस कमी चुकतो. जुन्या आवृत्त्यांत मात्र देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, आणि छापलेल्या अहवालात तर हमखास. डेमोच्या वेळीच विक्रेत्याच्या लॅपटॉपवर ‘गेरू’ टाइप करून, छापून पाहा.

जुन्या फायली आवरायचा खर्च

नवं सॉफ्टवेअर घेताना जुन्या शेडांचं काय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. हिशेब असा मांडा. दोन हजार जुन्या शेड आहेत, प्रत्येकीला उघडून, तपासून, नवं नाव द्यायला तीन मिनिटं. शंभर तास झाले, म्हणजे आठ तासांचे साडेबारा दिवस. वीस हजार पगाराचा माणूस महिन्याला सव्वीस दिवस काम करत असेल, तर दिवसाचे सुमारे ७७० रुपये आणि या कामाचे साडेनऊ-दहा हजार. विक्रेता हेच काम ‘डेटा मायग्रेशन’ म्हणून करून देतो, पण तो फायली नुसत्या इकडून तिकडे नेतो. कोणती शेड मेली आणि कोणती जिवंत हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय दोन हजारांतल्या निम्म्या शेड तीन वर्षांत कोणी उघडलेल्या नसतात. त्या एका ‘जुने’ फोल्डरमध्ये टाका, पुसू नका, नावंही बदलू नका. हिशेब तिथेच पाच हजारांवर येतो.

फायली बाहेर निघतात का, हे मायग्रेशनपेक्षा महत्त्वाचं. डेटाकलरचं क्यूटीएक्स हे साध्या मजकुराचं स्वरूप इतरही अनेक सॉफ्टवेअरं वाचतात. एक्स-राइटकडून आलेलं सीएक्सएफ आता आयएसओ १७९७२ म्हणून मानक झालंय. या दोहोंपैकी एकात ३१ आकड्यांसह शेड बाहेर काढता आली पाहिजे. नुसते एल-ए-बी बाहेर देणारं सॉफ्टवेअर घेतलंत, तर पुढच्या वेळी यंत्रही त्याच कंपनीचं घ्यावं लागेल.

पेणच्या कारखान्यात

पेण, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यातल्या गणपतीच्या कारखान्यांना दहा लाखांचं यंत्र विकायला कोणी आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मूर्तीचा एकही भाग सपाट नाही. स्पेक्ट्रोचं तोंड पोटावर टेकवलं तर कडेने उजेड आत शिरतो. सोनेरी, मोतिया, चमकीचे रंग कोनागणिक बदलतात. ते मोजायला अनेक कोनांतून पाहणारी यंत्रं असतात, आणि ती मोटारगाड्यांच्या रंगासाठी आहेत. फ्लोरोसंट रंग आलेल्या प्रकाशाहून जास्त परतवल्यासारखे दिसतात, साधं यंत्र तिथे गोंधळतं. आणि डोळ्यांच्या आखणीला यंत्र नाहीच.

तरी नोंद ठेवण्याची गरज इथे धाटावहून कमी नाही. मुंबईचा व्यापारी गेल्या वर्षीचाच अंगाचा रंग मागतो, परदेशी जाणारा माल आधी रंगून निघतो आणि वाढीव मागणी महिन्यांनी येते, तोवर रंग मिसळणारा कारागीर दुसऱ्या कारखान्यात गेलेला असतो. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या १२ मे २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत विषारी रासायनिक रंग आणि ऑइल पेंट नकोत, पाण्यातले आणि नैसर्गिक रंग वापरा असा कल आहे. गेरू, काव, हळद यांच्याकडे वळलं की प्रश्न वाढतो. खाणीतल्या मातीचा रंग पोत्यागणिक वेगळा, आणि हळद तर उजेडात उडतेच. हळदीने रंगवलेला नमुना भिंतीला टांगून पुढच्या वर्षी त्याच्याशी जुळवायला गेलात तर फिक्याशी फिकं जुळेल.

इथलं अंदाजपत्रक हजारांतलं आहे. मूर्ती ज्याची, त्याच प्लास्टरच्या किंवा शाडूच्या तीन इंची चौकोनी वड्या पाडा. साच्यासकट खर्च नगण्य. मूर्तीला जितके हात देता तितकेच वडीला द्या, गनने देत असाल तर गननेच. मागे पेन्सिलीने रंगाचं प्रमाण लिहा, पण चमच्यांत नको, ग्रॅममध्ये. त्यासाठी ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा, पाचशे ते दीड हजार. एकच वडी दोन प्रतींत: एक काळ्या पिशवीत बंद डब्यात, एक हाताशी. ज्याला जमेल त्याने दहा-पंधरा हजारांचा मोबाइल रीडर घ्यावा आणि वडी पूर्ण वाळल्यावर तीन जागी मोजून सरासरी लिहावी. दोन-तीन कारखान्यांनी मिळून एक घेतला तरी चालतो, मात्र एकाच यंत्राचे आकडे एकमेकांशी ताडायचे. याच्या यंत्राचा आकडा त्याच्या यंत्राशी जुळेलच असं नाही.

फायलींसाठी सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. लिबरऑफिसचा फुकट तक्ता पुरतो. रकाने: वर्ष, भाग (अंग, पितांबर, शेला, उंदीर), रंगाचा कोड, प्रमाण, किती हात, एल, ए, बी, वडीचा फोटो. फोल्डर आर्थिक वर्षाचं नको, हंगामाचं हवं, एका चतुर्थीपासून पुढच्या चतुर्थीपर्यंतचं. डीई काढायला १९७६ चं सूत्र वर दिलंच आहे, ते तक्त्यात एका ओळीत बसतं. २००० सालचं सूत्र किचकट आहे. पण गौरव शर्मा, वू आणि दलाल यांनी २००५ साली त्यावर जो शोधनिबंध लिहिला, त्यासोबतचा एक्सेल तक्ता आणि पडताळणीच्या ३४ जोड्या फुकट उपलब्ध आहेत. घरातल्या बारावीच्या मुलीला तो लावायला एक संध्याकाळ लागेल.

एवढं सगळं करून तपासणी पिवळ्या बल्बखाली केली तर पैसे पाण्यात. साडेसहा हजार केल्व्हिनचा, रंगदर्शनाचा निर्देशांक ९० च्या वर असलेला एलईडी एका कोपऱ्यात लावा, मागे राखाडी रंग द्या. दीड-दोन हजारांत काम होतं.

संगणक, पाऊस आणि बॅकअप

जागेचा खर्च म्हणून कोणी सर्व्हर विकू लागला तर हा हिशेब पुढे करा. ३१ आकडे, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे एका रीडिंगचे २४८ बाइट. लाख रीडिंगांचे सुमारे २५ एमबी. नावं, तारखा, दुसऱ्या मोजणीसकट पाचपट धरलं तरी साध्या पेन ड्राइव्हचा कोपराही भरत नाही. बॅकअप महाग नाही, तो घेणारा माणूस नेमलेला नसतो. शनिवारी सुट्टी होताना कोण घेतो, त्याचं नाव लिहून ठेवा. एक प्रत कारखान्यात, एक घरी, आणि घर नदीकाठी असेल तर वरच्या मजल्यावर. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर अनेक गावांनी दिवसचे दिवस विजेविना काढले. कुंडलिकेचा आणि भोगावतीचा पूर तर सगळ्यांना माहीतच आहे. तीन-चार हजारांचा यूपीएस संगणकाला हवाच, कारण डेटाबेस उघडा असताना वीज गेली की फाइल मोडते.

लॅबमधला संगणक जुना असतो, ‘चालतंय ना’ म्हणून. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या विंडोजवर तुमची सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती चालेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या. नाही म्हणाले तर संगणकाच्या चाळीस-पन्नास हजारांत नव्या परवान्याचा खर्च मिळवावा लागेल. परवाना डोंगलवर असेल तर डोंगल हरवणं म्हणजे परवाना हरवणं. तो संगणकाच्या मागच्या बाजूला लावा, पुढे नको. झाडू मारताना मोडलेले डोंगल पुष्कळ आहेत.

एएमसी आणि व्हिजिट

वर्षाच्या देखभाल कराराला यंत्राच्या किमतीच्या पाच ते दहा टक्के धरा, आणि तीन गोष्टी त्यात आहेत का ते पाहा: दिवा, यंत्रातल्या प्रकाश पसरवणाऱ्या पोकळ गोलाच्या आतल्या पांढऱ्या लेपाची तपासणी, पांढऱ्या टाइलचं प्रमाणपत्र. कोकणातली दमट हवा आणि पिगमेंटची उडणारी पूड यांत तो लेप लवकर मळतो. वातानुकूलित, बंद दाराची खोली हा त्यावरचा स्वस्त उपाय. पांढरी टाइल ज्या यंत्राची त्याच क्रमांकाची हवी. दोन यंत्रं असतील तर टाइलींची अदलाबदल होते आणि सगळे आकडे थोडे थोडे सरकतात. हिरवी टाइल दिली असेल तर ती रोज सकाळी मोजून तिचाही एक जॉब ठेवा. तिचे आकडे महिनाभर जागचे हलले नसतील, तर यंत्र बिघडल्याचा फोन लावण्याआधी पॅनेल गरम तर नव्हतं ना ते पाहा. लाल-नारिंगी शेड ओव्हनमधून काढल्याबरोबर वेगळ्या मोजतात.

इंजिनिअर बहुधा मुंबई-ठाण्याहून येतो आणि प्रवासखर्च तुमच्या नावावर लागतो. मध्य रेल्वेचा मार्ग रोह्याला संपतो आणि तिथून कोकण रेल्वे सुरू होते. पेणही याच दिवा-रोहा मार्गावर. तेव्हा पेण, नागोठणे, धाटाव इथल्या दोघातिघांनी एकाच दिवशीची व्हिजिट ठरवली तर खर्च वाटून जातो. विक्रेते आधी नाही म्हणतात, मग कबूल होतात.

खरेदी ठरण्याआधीच्या डेमोला विक्रेत्याचे चकचकीत नमुने नकोत. स्वतःचे चार पॅनेल द्या: एक पास, एक फेल, एक खडबडीत, आणि पास झालेल्याचीच दुसरी प्रत. चौथ्यासाठी वेगळं नाव सांगा आणि पहिल्याचे व त्याचे आकडे किती जवळ येतात ते पाहा. मग सांगा: पासवर्डशिवाय स्टँडर्ड बदलून दाखवा. तो बदलला गेला तर हक्क लावायची सोय कोणत्या आवृत्तीत आहे आणि तिला किती पडतात, ते तिथेच कोटेशनवर लिहून घ्या. शेवटी एक शेड क्यूटीएक्समध्ये काढून ती नोटपॅडमध्ये उघडायला लावा आणि ३१ आकडे मोजा.

पैसे देताना दहा टक्के हातात ठेवा. यंत्र बसलं म्हणून नव्हे, तर टेम्पलेट झाले, ऑपरेटरचा मेनू कुलूपबंद झाला आणि जुन्या शेडांपैकी तुम्ही निवडलेल्या पन्नास नव्या सॉफ्टवेअरमध्ये जशाच्या तशा उघडल्या, की ते द्यायचे. ही अट खरेदीच्या ऑर्डरवर लिहिलेली हवी; फोनवर झालेलं बोलणं विक्रेत्याचा प्रतिनिधी बदलला की संपतं.